वकीलबाईनं गोळा केलेले अंगठे

आमच्या ईट गावातून माणूस शनिवारी सकाळच्या एसटीनं धाराशिवला निघाला, की तो दवाखान्यात तरी जातो नाहीतर सोयरिकीला तरी. मंजुषा वकीलबाई सलग पाच शनिवार गेली, वर रविवारीही गेली. तब्येत तिची ठणठणीत. मुलगी सहावीत, म्हणजे सोयरिकीला अजून अवकाश. मग ही बाई जाते कुठं?

मी समोरच राहतो. माझी खव्याची भट्टी घराला लागूनच आहे. सकाळी दूध आलं की दुपारी शेवटची कढई उतरेपर्यंत मी हातात उलथणं घेऊन रस्त्याकडं तोंड करून उभा असतो. खवा हलवायला हात लागतात, डोळे मोकळेच असतात. आता मोकळ्या डोळ्यांनी कुठं बघायचं? समोर बिराप्पा आबांचं घर आहे, तर तिकडंच बघणार. याला कुणी भोचकपणा म्हणत असेल तर म्हणो बापडा.

मला खटकली ती पिशवी. जाताना सपाट, येताना फुगलेली. मी तिच्या नवऱ्याला, मल्हारला गाठलं. तो भूम डेपोत कंडक्टर आहे. म्हटलं, तुझ्याच महामंडळाच्या गाडीनं बायको जाते, निदान तिकिटावर तरी बघ कुठं उतरते ते. तो हसून म्हणाला, शाळेत जाते. चाळिशी ओलांडलेली, काळा कोट घालून पंधरा वर्षं कोर्टात उभी राहणारी बाई शाळेत जाते, हे ऐकून मी दुधाला उतू जाऊ दिलं पण त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

नंतर कळलं की खरंच होतं. बाई एलएल.एम. करत होती. धाराशिवच्या एका कॉलेजात शनिवार-रविवारचे वर्ग, पिशवीत पुस्तकं.

गावाला हे पटेना. वकील असून परत वकिलीच शिकायची, म्हणजे ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं परत ट्रॅक्टर चालवायला शिकायला जायचं. कुणी म्हणालं, आता जज्ज होणार. बलभीम अण्णा आमच्या गावचे मोठे बागाईतदार. त्यांना प्रत्येक गोष्टीमागं निवडणूक दिसते. ते म्हणाले, जिल्हा परिषदेची तयारी आहे ही. मी म्हटलं, थेट बाईलाच विचारू. ती स्कूटी काढत होती.

ती म्हणाली, "भाऊजी, मला पुढं कॉलेजात शिकवायचंय. त्याला ही पदवी लागती."

"आणि भूमच्या कोर्टातलं टेबल?"

"ते बी ऱ्हाईल की."

मी मान हलवली आणि निम्मंच खरं धरलं. निम्मं धरायची सवय मला दूधवाल्यांनी लावली आहे.

या बाईची कहाणी तशी साधी नाही. लोहाऱ्याकडची लेक, बारावी होऊन बिराप्पा आबांच्या घरात सून म्हणून आली. घर मेंढपाळाचं. आबांची शंभरेक मेंढरं आजही आहेत. पीक निघालं की ती रात्री लोकांच्या रानात बसवायची, रानाला खत मिळतं, आबांना धान्य मिळतं, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. सुनेनं एक दिवस सासऱ्यापुढं विषय काढला की मला कायदा शिकायचाय. आबा म्हणाले म्हणे, मेंढरामागं आमच्या चार पिढ्यांच्या सुना हिंडल्या, एखादी कोर्टात हिंडली तर काय बिघडतंय. तिचा पहिला काळा कोट धुऊन मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणावर वाळत घातला होता. कोकरानं त्याची एक बाही चघळली. तशाच बाहीनं बाई पहिल्यांदा भूमच्या कोर्टात उभी राहिली, हे मी तिच्या तोंडावर शंभरदा सांगितलेलं आहे आणि ती शंभरदा हसली आहे.

तिचं टेबल चालायचं ते मुख्यतः हक्कसोडीवर. बाप गेला की सातबाऱ्यावर भावांच्या जोडीला बहिणींचीही नावं लागतात. मग भाऊ एक दिवस जीप करून बहिणींना भूमच्या निबंधक कचेरीत नेतात. आम्ही आमचा हक्क राजीखुशीनं सोडला, अशा कागदावर बहिणी सही-अंगठा करतात. हॉटेलात जेवण होतं, साडीचोळी होते, आणि संध्याकाळी ज्या त्या बहिणी ज्या त्या गावी. हक्क न सोडणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही, असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण पाठ सगळ्यांना आहे. आमच्या गावातली निम्मीअर्धी हक्कसोडपत्रं याच बाईच्या हातची. आठ वर्षांपूर्वी माझ्या बहिणीनं, मथुरानं सोडलं, तेही तिनंच लिहिलं. मी स्वतः मथुराला त्या दिवशी पेढ्याचा पुडा दिला होता.

तर दुसऱ्या वर्षाला या एलएल.एम.वाल्यांना एक प्रबंध लिहावा लागतो. नुसतं पुस्तकातून उतरवून चालत नाही, लोकांत जाऊन विचारावं लागतं. आमच्या बाईनं विषय कुठला घ्यावा? हक्कसोडीचा. हक्क सोडलेल्या पन्नास बायांना समोर बसवून विचारायचं, की बाई, तू सोडलास तेव्हा तुला काय सांगितलं होतं, काय वाचून दाखवलं होतं, आणि तुझ्या मनात काय होतं. तीस जूनच्या आत प्रबंध बांधून कॉलेजात द्यायचा. सासूच्या आजारपणात एकदा मुदत वाढवून घेतली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. तारीख चुकली की दोन वर्षांचे सगळे शनिवार-रविवार पाण्यात. हे सगळं मला मल्हारनं सांगितलं, आणि खरं सांगतो, ऐकताना माझं उलथणं थांबलं.

बाई हुशार. तिनं काम काढलं मे महिन्यात. तेव्हा गावोगावच्या लेकी माहेरी आलेल्या असतात. ती घरोघर जायची, पण भाऊ रानात गेल्यावर. आधी एका कागदावर लिहून घ्यायची की मी माझ्या मर्जीनं माहिती देते. खाली सही. सही न येणारीचा अंगठा. त्यासाठी तिनं पर्समध्ये शाईचा पॅड ठेवला होता, आणि तिथंच ती चुकली. पंधरा वर्षं कागद करणाऱ्या बाईला एवढं कळायला हवं होतं. आमच्याकडं शाईचा पॅड घरात आला की जमीन घराबाहेर जाते.

मथुरा लोहाऱ्याला दिलेली आहे. तिला भाऊ मी एकटाच. मेमध्ये आठ दिवस आली होती. चौथ्या दिवशी बघतो तर समोरच्या ओट्यावर ती आणि वकीलबाई. एक बोलतीय, दुसरी लिहितीय. अर्धा तास झाला, तास झाला. माझी बहीण माझ्याशी फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. जेवलास का, बरं हाय का, ठिवते. आणि तिथं पानंच्या पानं भरत होती. त्या दिवशीचा खवा कढईला लागला.

घरी आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय इचारलं गं तिनं?"

"इचारलं कायबाय."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं कायबाय," मथुरा म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

मला रात्रभर झोप नाही. सकाळी भट्टीवर नेहमीची मंडळी दुधाच्या किटल्या घेऊन आली. माझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. मी म्हटलं, मंडळी, भावांनो, जपून ऱ्हावा. वकीलबाईनं बहिणींचे अंगठे गोळा केलेत. पन्नास भरले की एका दिवशी पन्नास दावे लावणार, आणि तुमच्या बांधावर तुमच्या दाजींचे ट्रॅक्टर येणार. सगळे खो खो हसले. मीही हसलो. किटल्या रिकाम्या झाल्या, माणसं गेली.

गंमत गावात शिरेपर्यंत गंमत असते. दुपारपर्यंत तिचे पन्नासचे दीडशे दावे झाले. संध्याकाळी कुणीतरी दाव्यांचे नंबरही सांगत होतं. जिनं बांधलं तीच आता सोडायला निघाली, असं लोक बोलायला लागले. भावांनी बहिणींना फोन लावले. ज्या घरात बाईला चहा मिळायचा, तिथून निरोप यायला लागले की ताई गावाला गेली, ताईचं डोकं दुखायलंय. ताई आतून खोकायची आणि वकीलबाई दारातून माघारी यायची. एक्केचाळीस कागद झाले होते, तिथंच गाडं अडलं. जून लागला.

बाई भट्टीवर आली. माझ्याकडं बघत न बसता कढईकडं बघत म्हणाली, "भाऊजी, तुमीच उठवलं, आता तुमीच बसवा."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं की ती माझी थट्टा होती, असे कसले दावे नाहीत, बाई नुसता अभ्यास करते. आजवर मी फेकलेलं सगळं ज्यांनी खरं धरलं, त्यांनी मी पहिल्यांदा खरं बोललो तेव्हा एकमेकांकडं बघितलं. तासाभरात गावात नवीन बातमी, वकीलबाईनं धनाजीला, म्हणजे मला, फोडला. काय देऊन फोडला यावर तीन मतं होती. माझ्याकडं दूध घालणाऱ्या दोघांनी भट्टी बदलली.

मग बुधवारी सकाळी बलभीम अण्णा पंधरा-वीस भावांना घेऊन बाईच्या दारात आले. मी पण गेलो. कुणाच्या बाजूनं ते मलाही नक्की माहीत नव्हतं. बिराप्पा आबा ओट्यावर घोंगडं टाकून बसले होते.

अण्णांनी सरळ मागितलं. आमच्या बहिणींचे कागद आमच्या हवाली करा. बाई म्हणाली, ते देता येत नाहीत. बरं, नुसते दाखवा, काय लिहिलंय ते वाचतो. ते तर त्याहून जमणार नाही, ती म्हणाली. कुणाला दाखवणार नाही, कुणाचं नाव छापणार नाही, असं मी प्रत्येकीला लिहून दिलंय.

आता तुम्हीच सांगा. चोरी नाही म्हणता आणि झडतीही देत नाही म्हणता, तर संशय वाढणार का घटणार? माझासुद्धा वाढला. मला तिथं मथुराचं पान दिसत होतं.

अण्णा आबांकडं वळले. म्हणाले, आबा, कागद मिळाले न्हाईत तर यंदापासून तुमची मेंढरं आमच्या रानात बसायची न्हाईत. एकाच्या बी न्हाय.

आबांनी थोडा वेळ घोंगड्याची दशी ओढली. "अण्णा," ते म्हणाले, "मेंढरं म्होरच्या गावाला सरकवता येतील. सून कुठं सरकवू?"

बाई आत गेली, एक तपकिरी फायल घेऊन बाहेर आली, ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"ही कागदं माजी बी न्हाईत, तुमची बी न्हाईत," ती म्हणाली. "जिनं दिली तिची हायेत. रविवारी मी घरीच हाय. जिला परत पाह्यजे तिनं स्वतः यावं, एकटीनं आत यावं. मी तिच्या हातात तिचा कागद देते. भावाच्या, नवऱ्याच्या हातात देणार न्हाय."

मंडळींना हे आवडलं. यात अवघड ते काय? बहिणीला सांगितलं की बहीण येते. तेव्हा निबंधकाकडं आल्या, आता समोरच्या ओट्यावर यायला काय झालं? बाईनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला असं बोलत सगळे पांगले. मलाही तसंच वाटलं. मी घरी येऊन मथुराला फोन लावला आणि म्हटलं, ये आणि कागद घेऊन जा, गावात बरं दिसत नाही. ती म्हणाली, बरं.

रविवारी माझ्या भट्टीपुढं जत्रा. जीपा, मोटारसायकली, दोन रिक्षा. बाया एकेक करून आत जायच्या, भाऊ बाहेर उभे. दार उघडलं की सगळ्यांची नजर आधी बाईच्या हाताकडं. पहिल्या तिघी कागद घेऊन आल्या. भावांनी तिथल्या तिथं फाडले. अण्णांनी माझ्याकडं बघून मिशीवर हात फिरवला. चौथी रिकाम्या हातानं आली. तिचा भाऊ म्हणाला, न्हाय दिला का? ती म्हणाली, मागितलाच न्हाय, आणि जाऊन जीपमध्ये बसली.

मग अण्णांची थोरली बहीण, म्हाळसाबाई. सत्तरीची बाई, भावाच्या गाडीतून आलेली. आत अर्धा तास. बाहेर आली ती पदर सावरत, दोन्ही हात मोकळे.

"कागद?" अण्णांनी विचारलं.

"बिनवाचता कसा घिऊ? चष्मा आणला न्हाय."

"माई, वाचायचं काय त्यात? घ्यायचा आन्‌ यायचं."

"त्या दिवशी बी चष्मा न्हवता," म्हाळसाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी म्हणजे कुठल्या दिवशी, हे अण्णांनी विचारलं नाही. आम्हीही कुणी विचारलं नाही. भट्टीवर मी अण्णांना थोडा ताजा खवा पुढं केला. त्यांनी घेतला नाही.

मथुरा अकराला आली, लोहाऱ्याहून तीन गाड्या बदलून. माझ्याकडं न येता थेट समोर गेली. मी उलथणं धरून उभा. ती पाच मिनिटांत बाहेर आली, आणि तिच्या हातात तिची पिशवी सोडून काही नव्हतं. रस्ता ओलांडून आली तेव्हा मी आवाज खाली ठेवून विचारलं, कागद?

"ऱ्हाऊ दे तिथंच."

"का?"

"तिथं नीट ऱ्हाईल," ती म्हणाली. घरात जाऊन वहिनीशी बोलली, चहा घेतला आणि दीडच्या गाडीनं गेली. एरवी आली की दोन दिवस राहते.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीसातल्या बारा जणींनी कागद परत नेले. उरले एकोणतीस. पन्नासाला एकवीस कमी, आणि महिना निम्मा संपलेला. मी मल्हारला म्हटलं, झालं ते वाईट झालं. तो म्हणाला, तिनं त्या बारा जणींना एकच गोष्ट विचारलीय, की तू कागद परत नेलास एवढं लिहिलं तर चालेल का, नाव न घालता. अकरा जणी चालेल म्हणाल्या. म्हणजे बाईनं त्यातही काम काढलंच. मला तेव्हाही संशय आला, की रविवारचा तो सगळा खेळ तिनं यासाठीच मांडला होता का? मी तिला विचारलंही. ती म्हणाली, भाऊजी, मला एवढं सुचत असतं तर मी शाईचा पॅड घेऊन हिंडले असते का?

कॉलेजातल्या मॅडमनी आधी फायल बाजूला सारली म्हणे. पन्नास सांगितले होते, एकोणतीस कसे? बाईनं सांगितलं की कसे ते लिहू द्या. मॅडमनी तीन दिवस विचार करून होकार दिला. मग बाईनं कोर्टात तारखा मागून घेतल्या आणि एक नवीन प्रकरण लिहिलं. कोण आली, कुणाबरोबर आली, आत किती वेळ बसली, आणि कागद घेऊन गेली की ठेवून गेली. एकोणतीस जूनला प्रबंध बांधून दिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी म्हणे त्या एकाच प्रकरणावर पाऊण तास घेतला. बाई पास झाली. पहिली वगैरे नाही, पण पास.

आबांची मेंढरं त्या साली गावात बसली नाहीत. पाथरूडकडं गेली. अण्णा शब्दाचे पक्के. त्यांच्या रानाला त्या वर्षी ट्रॉलीनं खत विकत आणावं लागलं, ते मात्र मी रोज भट्टीवरून मोजलं.

प्रबंधाची एक प्रत बाईकडं होती. काळ्या पुठ्ठ्याची, वर सोनेरी अक्षरं. मी मागितली. मला वाटलं नाही म्हणेल, तर तिनं लगेच दिली. म्हणाली, वाचा भाऊजी, त्यात नावं न्हाईत.

प्रबंध इंग्रजीत. माझी मुलगी हर्षाली बी.ए.ला आहे. तिला दुपारी बसवलं आणि म्हटलं, मराठीत सांगत चल. नावं खरंच नव्हती. एक नंबरची बाई, दोन नंबरची बाई. बायांची बोली इंग्रजीत गेली आणि हर्षालीच्या तोंडून परत आली, की सगळ्या एकाच घरच्या वाटतात. मी कान देऊन ऐकत होतो, कुठं मथुराचा सूर लागतो का. सात नंबरची म्हणाली, मला वाटलं रेशनकार्डाचं काम आहे. तेरा नंबरची म्हणाली, मागितलं असतं तर दिलंच असतं, पण कुणी मागितलंच नाही, जीप आली आणि नेलं. एकोणीस नंबरची म्हणाली, भावानं पुडा दिला, तो मी घरी जाईपर्यंत उघडला नाही.

"पप्पा," हर्षाली थांबून म्हणाली, "यातली आत्या कोणती असंल?"

"पुढं वाच."

सव्वीस नंबरला ती म्हणाली, ही बाई म्हणतीय की मी आनंदानं सोडला, माझं काही म्हणणं नाही, माझे भाऊ देवमाणूस आहेत.

"हीच," मी म्हटलं. "ही आपली मथुरा. मी आधीच वळखलं होतं."

हर्षालीनं बोट ओळीवर ठेवून परत एकदा वाचलं.

"पण पप्पा, हिला चार भाऊ हायेत."

मी म्हटलं, बरं, पुढचं वाच.